रुखवतातला कॉम्प्युटर

१० ऑगस्ट ९९, मंगळ. सिरसाळा
उमा बीडहून आली. चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे. सौ.ने विचारलं, जेवतीस का, तर म्हणाली, "आई, मला आज कुणी काही इचारू नका."
नंतर कळलं. ती कामाला आहे त्या इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात एका बंगल्याचं रंगीत चित्र कॉम्प्युटरवर रात्रभर शिजायला लावलं होतं. पहाटे लाईट गेली, सगळं पाण्यात. याआधीही असंच झालं होतं. बंगलेवाला साहेबांवर चिडला, साहेब पोरीवर. लाईट काय हिने घालवली?
चित्र म्हणजे घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल ते. पोरीने सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं होतं, नकाशे काढेल. ही घरांवर ऊन पाडते, सावली पाडते. एक चित्र निघायला आख्खी रात्र लागते. सलग आख्खी रात्र लाईट या जिल्ह्यात कुणाच्या बापाने पाहिली आहे?

१३ ऑगस्ट, शुक्र.
उ. शांत झाली आहे. म्हणजे काहीतरी ठरवलं आहे.
संध्याकाळी दुकानात येऊन बसली. मी रिवाइंडिंगला आलेली मोटार उघडून बसलेलो, हात वार्निशचे. म्हणाली, "आप्पा, एका बोर्डावर दोन प्रोसेसर बसत्यात. काम वाटून घेत्यात. लाईट जायच्या आत चित्र निघंल."
मी म्हटलं, एका विहिरीवर दोन मोटारी.
"तसंच काई न्हाई. पर चालंल."
स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा म्हणते. माळ्यावर टेबल टाकून घरूनच साहेबांचं काम करायचं. तिचा पगार साठलेला आहे, कमी पडेल ते मी घालीन. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

२ सप्टें., गुरु.
बीडला गेलतो. स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने आमचं ऐकून घेतलं, मग बाजूच्याला बोलावून त्यालाही ऐकायला लावलं. "मामा, बीडात एकवालाच खपंना. पोरीला टाइपिंगचा घ्या एखादा, झ्याक चालतो." उ.ने त्याला रॅमबद्दल काहीतरी विचारलं. त्याला आलं नाही. मग एकदम 'ताई' म्हणायला लागला. परतीच्या गाडीत पोरगी खिडकीकडे तोंड करून हसत होती. मीही.

१९ सप्टें., रवि.
काल परळीहून रेल्वेने सिकंदराबाद. कॉम्प्युटरची गल्लीच आहे तिकडे. दुकानदार पान खाऊन बसलेला.
"दो प्रोसेसर कायकू होना जी? एक में काम नै चलता क्या?"
उ. म्हणाली, "हमारे गाँव में लाईट जाती."
तो हसला. मग हसायचा थांबला. "हौ. हमारे इधर बी जाती."
तिथून त्याचा सूरच बदलला. बोर्ड मागवून देतो म्हणाला. प्रोसेसर होते. पण उ.चं म्हणणं, दोन्ही एकाच घाण्यातले पाहिजेत, पाठीवरचे आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर एकमेकांशी पटत नाही. त्याने डबा उपडा केला. पोरगी फरशीवर मांडी घालून, बांगड्या निवडाव्यात तशी एकेक उलटून बघत बसली. जोडी जुळवूनच उठली. त्याने दिलेली रॅमची पट्टी या बोर्डाला चालत नाही म्हणून परत केली. आवाजाचं कार्ड तो जवळजवळ फुकट देत होता, तेही नको म्हणाली. जागा खातं म्हणे, आणि तिला गाणी ऐकायची नाहीत.
निघताना दुकानदार माझ्या कानाशी म्हणाला, "बच्ची बहुत होशियार है, चचा. संभाल के रखो."
सबंध रेल्वेत तेच वाक्य घोळवत आलो. कुणाला सांगायचं नाही, पण छाती फुगली होती.

१० ऑक्टो., रवि.
बोर्ड आला. मोठाच्या मोठा. आता भांडण डब्याचं. बाजारात मिळतो तो उंच डबा, गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू. उ.ला लहान हवा. लहानात हा बोर्ड मावत नाही. मी म्हटलं, मी पत्र्याचा करतो, स्टॅबिलायझरच्या पेट्या काय आभाळातून पडतात? पण लहान कावून पायजे, ते तर सांग.
"माळ्यावरून खाली, खालून एसटीत, तिथून जिथं जाईन तिथं. माझा मला उचलता आला पायजे."
सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी पट्टी घेऊन मापं काढायला लागलो.

१७ ऑक्टो., रवि.
गाढवपणा केला. बोर्ड पालथा ठेवून भोकं आखली. सगळी उलटी पडली. चांगला पत्रा वाया. उ.ने फक्त पत्रा उचलून त्यातून माझ्याकडे बघितलं. सौ. हसून हसून बाहेर गेली.

२४ ऑक्टो., रवि.
दुसरी पेटी जमली. कडेला झरोके पाडले. दोन्ही प्रोसेसरचे पंखे उंच, फ्लॉपीच्या खणाला अडत होते. उ.ने फ्लॉपी उभी केली, जागा झाली. मला दोन दिवस सुचलं नव्हतं.

४ नोव्हें., गुरु.
जोडलं सगळं. बटण दाबलं. काही नाही. सौ. म्हणाली, हळदकुंकू वाहिलं नाही म्हणून. वाहिलं. उ. झरोक्यांवर हात धरून, "कुंकू आत न्हाई गेलं पायजे." तरी काही नाही.
एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, कमजोर असणार. पंखे फिरून थांबतात, म्हणजे सुरुवातीचा भार झेपत नाही. मोटारीचं असंच असतं.

१३ नोव्हें., शनि.
दणकट एसएमपीएस आणला, पेटीला मागून कुबड काढून बसवला. चालू!!
विंडोज ९८ घालून चालत नाही म्हणाली, त्याला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही. दुसरं विंडोज, एनटी, घातलं. मग एक खिडकी उघडून मला दाखवली. दोन चौकटी, दोन हिरव्या रेघा, एकदमच वर चढल्या. पोरगी बोट ठेवून म्हणाली, "ह्यो एक आन् ह्यो दुसरा." जन्मल्या पोरांची ओळख करून द्यावी तशी.
तिचे डोळे भरलेले. मी पाना शोधायला खाली आलो. पाना खिशातच होता.

२० नोव्हें., शनि.
पहिलं आख्खं चित्र निघालं. बंगला, फाटक, गुलमोहर. लाईट त्यानंतर गेली. आम्ही तिघं माळ्यावर अंधारात बसून हसत होतो.

९ डिसें., गुरु.
काम सुरू आहे. चित्र फ्लॉपीत घालायचं, फ्लॉपी पाकिटात, पाकीट बीडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती. साहेबांचा माणूस स्टँडवर घेतो. कंडक्टर म्हणतो, "आप्पा, ह्या चपट्या डबीत बंगला मावतो व्हय?" गाव विचारतं, पोरगी माळ्यावर काय करते. सांगतो, घरं बांधते.

२३ डिसें., गुरु.
तेलगावचं स्थळ आलं. खताचं दुकान, दोन भाऊ, मुलगा राजेश्वर थोरला. बी.कॉम. आपल्यातलेच, नात्यातून माहितीचे. चांगलं आहे.
मुलाने विचारलं, स्वयंपाक येतो का वगैरे. मग उ.ला म्हणाले, तुलाही काही विचारायचं तर विचार. तिने विचारलं, "तुमच्याकडं लाईट किती तास असती?"
सगळे हसले. मुलगाही हसला. मलाही गंमत वाटली.
मुलाच्या वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, पोरगी काम करते, करत राहील. म्हणाले, "करू द्या की. आमचं काईच न्हाई. घरची लक्षुमी हाय, करंल ते करंल."
चहा झाला. पोहे झाले. मला माणसं आवडली.

३१ डिसें., शुक्र.
सगळीकडे बोंब की आज रात्री जगातले कॉम्प्युटर बंद पडणार. उ. म्हणाली, आपला नाही पडणार. होकार कळवला.

१ जाने. २०००, शनि.
नाही पडला.

१९ फेब्रु., शनि.
घर भरलं आहे. सौ.च्या बहिणी रुखवत मांडतायत. कुरडयांचं देऊळ, साखरेचे नारळ, लोकरीचे पोपट, मण्यांची महादेवाची पिंड. मी म्हटलं, कॉम्प्युटरही मांडा. बाकीच्या पोरींच्या रुखवतात असतात ते पोपट. माझ्या पोरीने काय बनवलं ते बघू द्या ना लोकांना.
उ. म्हणाली, "नको आप्पा. ते माझं अवजार हाय. शोभंची वस्तू न्हाई."
"अगं, एका दिवसाचा प्रश्न."
"रुखवतात ठिवलेलं पुन्ना आपलं ऱ्हात न्हाई."
म्हटलं, वेडी आहेस. तुझ्याबरोबरच तर जायचा आहे. रुखवतातून गेला काय, तू नेला काय, एकच.
तेवढ्यात तिला मावशीने हाताला मेंदी लावायला बोलावलं.

२४ फेब्रु., गुरु.
लग्न लागलं. पेटी मधोमध ठेवली होती, खाली लाल मखमल, पुढे पुठ्ठा: 'चि. सौ. कां. उमा हिने स्वहस्ते बनविलेला दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर'. पुठ्ठा मीच रंगवला. लोक येऊन वाकून बघत होते. मास्तर म्हणाले, आप्पा, नाव काढलं पोरीने.
जेवणाआधी आहेर वाचायला माईकवर व्याह्यांचे चुलतभाऊ. भांडी वाचली, कपाट वाचलं, आणि मोठ्ठ्याने: "मुलीच्या वडिलांकडून, जावईबापूंस, कॉम्प्युटर!" टाळ्या. बँडवाल्यानेही दोन ठोके दिले. व्याह्यांनी येऊन माझा हात हातात घेतला. मी हात जोडले. हसलो.
बोलायला पाहिजे होतं का? भर मांडवात, माईक हातातून घेऊन? लोक काय म्हणाले असते. असो.
पोरगी गेली. जीपमध्ये तिच्या मांडीवर पेटी नव्हती, मागच्या टेंपोत कपाटाबरोबर होती. घर खायला उठलं आहे.

१२ मार्च, रवि.
उ. माहेरपणाला आली. बारीक झाली आहे. कॉम्प्युटरचं विचारलं तर म्हणाली, "चांगलाय." दोनदा विचारलं. मग सौ.जवळ बोलली, सौ.ने मला सांगितलं.
पेटी दुकानात नेली. खताची बिलं करायला. बिलाचं सॉफ्टवेअर एनटीवर चालेना, म्हणून बीडहून माणूस आणून सगळं पुसलं, ९८ घातलं. तिचं सगळं काम त्यात होतं, तेही गेलं. आता त्यात एकच प्रोसेसर चालतो. दुसरा नुसता बसून. धाकटा दीर त्यावर गाड्यांचा गेम खेळतो आणि आवाज येत नाही म्हणून कुरकुरतो. व्याही म्हणतात, सिरसाळ्याच्या कॉम्प्युटरला वाचाच नाही.
सौ. सांगत होती आणि मी वाइंडिंग करत होतो. वेढे चुकले. पुन्हा सोडले.

१३ मार्च
म्हटलं, तुझा नवरा काय म्हणतो? उ.: "त्यांला कळतंय. पर अण्णांपुढं त्यांचं काई चालत न्हाई." अण्णा म्हणजे व्याही.

२ एप्रिल, रवि.
तेलगावला गेलतो. दुकान घरालाच लागून, काउंटरवर पेटी. एका बाजूला युरियाची गोणी, दुसऱ्या बाजूला फवारणीच्या डब्यांचा ढीग. वर झेंडूचा वाळका हार, झरोक्यात उदबत्ती खोचलेली. माझ्याच झरोक्यात. उमा आत स्वयंपाकघरात, पाहुणे होते.
चहा झाल्यावर व्याह्यांना म्हटलं, "ते, कॉम्प्युटर... उमाच्या कामाचा होता. बीडचं काम होतं तिचं."
व्याही गोडच बोलले. माणूस वाईट नाही, तोच तर वैताग. "आप्पा, रुखवतातलं हाय ना? मग ते घराचं झालं. सून घराची, वस्तू घराची. वायलं काय ऱ्हायलं?"
"पण बोलणी झाली तेव्हा..."
"काम करू देऊ म्हणलो. देतो की! बिलं कर म्हणतो, तिला नको. आन् तुमीच पुठ्ठा लावलता, तुमच्याच मांडवात वाचलं, तुमी हात जोडले. म्या काय मागितलं होतं का?"
नव्हतं मागितलं. खरं आहे.
उ. दारापर्यंत आली. डोक्यावर पदर. "जपून जा," म्हणाली. बस.

९ मे, मंगळ.
ठरवलं, दुसरा करून द्यायचा. पत्रा आहे, हात आहेत. घरच्या फोनला एसटीडी नाही, म्हणून बूथवरून सिकंदराबादला फोन लावला. माणसाने ओळखलं. "वो बच्ची के अब्बा ना? बोर्ड बंद हो गया चचा. अब नै आता. नया वाला है, उसको प्रोसेसर बी अलग, रॅम बी अलग, पेटी बी अलग होना. सब नया लो." मग विचारलं, "बच्ची कैसी है?"
म्हटलं, शादी हो गयी.
"माशाल्ला," म्हणाला.
फोन ठेवून बूथमध्येच उभा राहिलो. बोर्डाला कुठली रॅम चालते हे विचारायला मी दोनदा या बूथवरून एसटीडी कॉल केले होते. प्रोसेसरची जोडी जुळवायला रेल्वेने गेलो. आणि पोरीचं घर एका चहापोह्यात उरकलं. माणसं आवडली म्हणे. मला माझीच चीड येते. बूथवाला म्हणाला, आप्पा, बिल.

११ जून, रवि.
बीडच्या साहेबांनी दुसरी मुलगी ठेवली. ती फक्त टाइपिंग करते. चित्रं पुण्याहून करून आणतात.

५ जुलै, बुध.
तेलगावहून जावयांचा फोन. कॉम्प्युटर बंद पडतोय, चालू केला की थोड्या वेळाने गपगार. बीडचा माणूस म्हणतो, असली घरगुती पेटी मला उघडता येत नाही. "मामा, तुमीच बनवलाय, तुमीच बघा."
मागून व्याह्यांचा आवाज: "सीझन हाय म्हणावं, लवकर!"

७ जुलै, शुक्र.
पेटी घेऊन आलो. एसटीत मांडीवर. उ.ने गोधडीत गुंडाळून दिली. देताना तिचा हात वरून फिरला.
उघडली. आत पांढरी भुकटी, खताची नाहीतर औषधाची, थरच्या थर. एक पंखा पार अडकलेला, दुसरा कण्हत फिरतो. उंदराच्या लेंड्या. म्हणूनच तापून बंद पडायचा. बोर्ड शाबूत. प्रोसेसर दोन्ही शाबूत.
ब्रशने एकेक फट साफ केली. तसं काम सोपं होतं.

१६ जुलै, रवि.
केव्हाच नीट झाला आहे. व्याह्यांचा फोन आला. सांगितलं, भाग यायचा आहे. खोटं. सौ.ने ऐकलं. तिने पोळी उलटवली.

३० जुलै, रवि.
पुन्हा फोन. पुन्हा भाग यायचा आहे.

२ ऑगस्ट, बुध.
नागपंचमीसाठी उ. आली. मी वर बोट केलं. पिशवी जिन्यातच टाकून ती माळ्यावर. आवाज आला नाही म्हणून थोड्या वेळाने वर डोकावलो. पेटीसमोर बसली होती, चालू न करता.
"परत द्यायचाय?" म्हणाली.
म्हटलं, भाग यायचा आहे.
पहिल्यांदा हसली. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. पिशवीच्या तळातून एनटीची सीडी काढली. सासरी जाताना बरोबर नेलेली, तिथे कुणाला दाखवलीच नव्हती.

४ ऑगस्ट, शुक्र.
साहेबांना तिने स्वतः फोन केला. त्यांनी एका दवाखान्याच्या इमारतीचं काम दिलं, नकाशा कंडक्टरच्या हाती पाठवला. मैत्रिणी झोक्यावर, ही माळ्यावर. सौ. कुरकुरते, पंचमीला पोरीने झोका घेऊ नये म्हणजे काय. पण जेवणाचं ताट वरच नेऊन देते.
माझ्या डोक्यावरच्या फळ्यांतून पंख्यांची घरघर येते. त्याखाली काम करायला बरं वाटतं. खरं तर बरं वाटायला नको. ही चार दिवसांची चोरी आहे, आणि पोरीला तिच्याच वस्तूची चोरी मी करायला लावली.

५ ऑगस्ट, शनि.
दवाखान्याचं चित्र गेलं. दुपारच्या गाडीने, नेहमीच्या कंडक्टरकडे. साहेब खूश. आणखी एक काम आहे म्हणाले.

७ ऑगस्ट, सोम.
घोळ झाला. बीडची गाडी तेलगाववरूनच जाते, हे मला कळायला पाहिजे होतं. कंडक्टर तिथे चहाला उतरला आणि खताच्या दुकानात कौतुक करून आला, तुमच्या सूनबाईंनी माळ्यावर बसून आख्खा दवाखाना बांधला, डबीत घालून मीच नेला. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच सांगितलं.
व्याह्यांचा फोन. आवाज चढलेला नाही, ते जास्त वाईट. "आप्पा, नीट झालाय म्हणं. मग सांगायचं न्हाई व्हय? आमी हिकडं हातानं बिलं फाडायलोत. उद्या राजा येतोय. पोरगी आन् कॉम्प्युटर, दोनी धाडा."
उ.ला सांगितलं. तिने विचारलं, "त्ये मला न्यायला यायलेत का कॉम्प्युटरला?"
नवीन काम तिने रात्रीच लावलं.

८ ऑगस्ट, मंगळ.
जावई सकाळच्या गाडीने आले. हातात खताची रिकामी गोणी आणि सुतळी. कॉम्प्युटर बांधून न्यायला. सौ.ने पाणी दिलं, चहा दिला. वरून पंखे ऐकू येत होते.
"झाला का तयार, मामा?"
"तयार हाय. चालू हाय. तिचं काम चाललंय."
"अण्णांनी दुपारच्या गाडीनं दोघं या म्हणलंय."
मग मी बोललो. "राजेश्वर, तो कॉम्प्युटर उमाचा हाय. तुमच्या घराला दिलेला नव्हता. रुखवतात म्या ठिवला, चूक माजी. न्यायचा का न्हाई, ती सांगंल."
जावई रागावले नाहीत. गोणीची घडी घालत बसले. "मला म्हाईत हाय, मामा. तिनं मला त्या दोन रेघांचं सांगितलंय. पर अण्णांना काय सांगू?"
उ. जिन्यात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. म्हणाली, "आप्पा, माईकवाला बोलला तवा म्या तुमच्याकडंच बघत होते."
एवढंच. मग नवऱ्याला म्हणाली, "बघायचं आसल तर वर या," आणि वळून गेली.
जावयांनी माझ्याकडे बघितलं, सौ.कडे बघितलं. गोणी खाटेवर ठेवली आणि वर गेले.
दुपारची गाडी गेली. दोघं अजून माळ्यावरच आहेत. बोलणं ऐकू येत नाही. सौ. दोनदा जिन्यापाशी जाऊन परत आली. तेलगावहून दोनदा फोन वाजला, मी उचलला नाही. दुकानात येऊन बसलो आहे, समोर उघडलेली मोटार. मला कुणी वर बोलावलेलं नाही.